फळछाटणी

आठवड्याचे सहा दिवस माझ्या हातात कात्री असते.
सावळजच्या माळावर, दुसऱ्यांच्या बागेत,
ऑक्टोबरच्या उन्हात
काडी धरायची, गाठ बघायची,
गाठीपुढं एक डोळा ठेवायचा
आणि कापायचं.
कापल्या जागी पाणी येतं. टपटपतं.
इकडं म्हणतात, वेल रडते.
नवा होतो तेव्हा मी ते बाहीनं पुसायचो.
शंकरअण्णा बांधावरनं हसला होता:
"रडू दे की पाळक.
रडती म्हणजे जित्ती हाय."

सातव्या दिवशी पांढरा सदरा.
पत्र्याची खोली, पूर्वीचं खताचं गोडाऊन;
दमट हवेत अजून युरियाचा वास येतो प्रार्थनेला.
माणसं अकरा. नाताळाला चाळीस,
त्यातली निम्मी केकसाठी, आणि त्यांचंही स्वागत.
घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
बाबांनी मिरजेहून सायकलला बांधून आणलेला.
ते वाजवायचे तेव्हा कुत्री भुंकायची.
मी वाजवतो तेव्हाही भुंकतात.

सभांमधून लोक साक्ष देतात:
कुणाला उजेड दिसला, कुणाला नावानं हाक आली,
कुणाची दारू एका रात्रीत सुटली.
माझी साक्ष एवढीशी आहे,
सांगायला उठलो तर माइक गरम व्हायच्या आत संपते.

एकोणीस वर्षांचा होतो.
मिरजेच्या दवाखान्यात बाबांच्या खाटेखाली
चटईवर पडलो होतो.
शेजारच्या खाटेवर जतकडचा एक म्हातारा धनगर,
सोबतीला कुणी नाही.
रात्री दोनला पाणी मागत होता.
उठलो, चमच्यानं पाजलं. निम्मं दाढीत गेलं.
माझं मनगट धरून त्यानं विचारलं,
"तू कुणाचा रं?"

बापाचं नाव जिभेवर आलं.
मग गाव. मग आडनाव,
ज्यावरून लोक पुढचं ओळखतात.
एकेक आलं आणि ओठाशी थांबलं,
जणू यातलं काहीच त्यानं विचारलं नव्हतं.
मी गप्प. तोही मग डोळे मिटून पडला.
सकाळी त्याची खाट धुतलेली होती.

प्रश्न तेवढा माझ्याकडं ठेवून गेला.
पाचारण म्हणतात ते हेच असेल तर हेच.
दुसरं काही आलेलं नाही.
एकतीस वर्षं झाली, मी उत्तर देतोय.
कधी उपदेशात, कधी कुणाच्या मातीला,
बहुतेकदा कुणाला तरी पाणी देताना.
काही वर्षं दिलंही नाही. नुसता बडबडलो.

गेल्या शनिवारी रात्री परतीचा पाऊस कोसळला.
रविवारी सगळी मंडळी औषध मारायला बागांत.
मी चार रात्री जागून संदेश लिहिला होता,
आयुष्याच्या हेतूवर. वहीची नऊ पानं.
समोर एकटी रेवूबाई सातपुते,
दोन्ही कानांनी ठार बहिरी.

घरी जावं म्हटलं.
पण ती पदर सावरून बसली होती,
माझ्या तोंडाकडं बघत, जसं पोर जत्रेत पाळण्याकडं बघतं.
मग बोललो. नऊच्या नऊ पानं.
तिसऱ्या पानाला माझं मलाच कळलं
की पहिली दोन खोटी आहेत, नुसती सुरेख;
ती फाडून खिशात कोंबली.
एकाही शब्दाला तिनं मान हलवली नाही,
म्हणून एकही शब्द वाढवता आला नाही.

"आमेन"ला माझे हात जुळले तेव्हा तिला कळलं, संपलं.
पिशवीतनं कागदाची पुडी काढली:
"गळ्याच्या शिरा फुगल्यात तुमच्या. गूळ खावा."
खाल्ला.
प्रभुभोजनाचा रविवार नव्हता तो.

आज सोमवार. पुन्हा कात्री.
कुणाचा, ते आता थोडं माहीत आहे;
कशासाठी, ते रोज संध्याकाळी विसरतं.
सुलभा म्हणते, झोपेत तुम्ही काड्या मोजता.

छाटलेल्या बागेत हिरवं काही उरत नाही.
तारांवर नुसती वाळल्यासारखी लाकडं.
डोळे फुटायला आठ-दहा दिवस लागतात,
कधी जास्त.
तोवर मालकसुद्धा, सगळं माहीत असून,
रोज येऊन बघून जातो.